हिवाळ्याची सरासरी

माणसाने नळातून किती पाणी घेतले हे मोजण्याची विद्या त्या शहराला अवगत होती. त्यातले किती त्याने गटारात सोडले हे मोजण्याची नव्हती. पाण्याच्या वाहिनीवर मीटर बसतो. मैलापाण्याच्या वाहिनीवर तो बसवून पाहण्याचा एक प्रयोग पूर्वी झाला होता, आणि त्याविषयी मलनिस्सारण विभागात कुणी जेवणाच्या सुट्टीत बोलत नसे. जे मोजता येत नाही त्याचा दर कसा ठरवायचा, हा प्रश्न वर्षानुवर्षे फायलीत पडून होता. ज्या दर-विश्लेषकाने तो सोडवला, त्याला शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सगळे ‘सरासरीसाहेब’ म्हणत.

युक्ती देखणी होती. उन्हाळ्यात लोक झाडांना पाणी घालतात, अंगणे आणि गाड्या धुतात. ते पाणी जमिनीत मुरते. हिवाळ्यात यातले काही होत नाही. तेव्हा हिवाळ्याच्या तीन महिन्यांत घरात जेवढे पाणी आले तेवढे सगळे गटारात गेले असे समजावे, त्याची सरासरी काढावी, आणि पुढचे वर्षभर दर महिन्याला त्या घराने तेवढेच सांडपाणी सोडले असे धरून आकार लावावा. तीन महिने माणसावर नजर ठेवली की उरलेल्या नऊ महिन्यांतला त्याचा स्वभाव कळतो, हा सिद्धान्त मांडायला तत्त्ववेत्ते धजावले नसते. तत्त्ववेत्त्यांवर महसुलाची जबाबदारी नसते.

सरासरीसाहेबांना एक थोरली बहीण होती. शहराच्या जुन्या भागात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि पडदे शिवायची. शिवण्याआधी प्रत्येक कापड ती मोठ्या टबात भिजवून, पिळून, वाळवून घेई, कारण तसे न करता शिवलेला पडदा पहिल्या धुण्यात आटतो आणि खिडकी उघडी टाकून वर जाऊन बसतो. एवढे करूनही तिचा पाण्याचा वापर महिन्याला सात युनिट असे. युनिट म्हणजे हजार लिटर. ही गोष्ट सुरू होते त्या हिवाळ्यापर्यंत.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर आई पडली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयातून तिला कुणाच्या घरी न्यायचे, यावर भावंडांत चर्चा झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. सरासरीसाहेबांचे घर तिसऱ्या मजल्यावर होते. इमारतीला लिफ्ट होती, पण ती अधूनमधून बंद पडायची, आणि हे कारण सगळ्यांच्या वतीने पुरेसे ठरले. आई बहिणीकडे गेली. अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या चादरी दिवसातून तीनदा बदलाव्या लागतात, आणि बदललेल्या चादरी आपण होऊन धुतल्या जात नाहीत. सरासरीसाहेब दर रविवारी संत्री घेऊन येत, तासभर बसत आणि आईची तब्येत गेल्या आठवड्याच्या मानाने कशी आहे ते विचारत. हिवाळा संपायला चार दिवस उरले असताना आई गेली.

महिन्याभराने बहिणीच्या दारात विभागाची नोटीस आली. तिची हिवाळी सरासरी बावीस युनिट निघाली होती; त्यामुळे ती ‘अतिवापर’ गटात गेली होती, आणि पुढचे वर्षभर तिला त्या गटाचा दर लागू होणार होता. सोबत एक रंगीत पत्रक होते. त्यावर एक हसरा थेंब सांगत होता: भांडी घासताना नळ बंद ठेवा.

रविवारी सरासरीसाहेब आले. आई नव्हती तरी संत्री होती. सवयीला मृत्यूची सूचना उशिरा मिळते. बहिणीने नोटीस त्यांच्यापुढे टाकली.

“हे काय रे?”

“अगं, ही हिवाळी सरासरी. तुझी जरा वर गेलीय.”

“जरा? दर महिन्याला एका खिडकीचे पडदे तुझ्या गटाराला फुकट शिवून द्यायचे मी?”

“माझं गटार नाही ताई, शहराचं आहे.”

“शहरानं चादरी नाही धुतल्या. आणि आता धुवायला काय राहिलंय? महिनाभर सातावर आलंय माझं पाणी. तुझ्याच मीटरला विचार.”

“मीटर आता काय म्हणतो त्याला अर्थ नसतो. हिवाळ्यात काय म्हणाला ते धरायचं. पद्धतच तशी आहे.” मग ते उत्साहाने पुढे सरकले, कारण पद्धत समजावून सांगण्याची संधी त्यांना रविवारी क्वचितच मिळे. त्यांनी खिशातून स्वतःचे बिल काढले. “हे बघ, आमचं. नऊ. मागच्या हिवाळ्यात नऊ, या हिवाळ्यात नऊ. तोटी चांगली असली, वापर शिस्तीत असला की आकडा हलत नाही.”

बहिणीने ते बिल हातात घेतले आणि बराच वेळ पाहिले. “हे राहू दे माझ्याकडे,” ती म्हणाली.

“ठेव की. आणि काळजी करू नकोस, सवलतीची सोय आहे. चार कारणं चालतात. मीटर बिघडला, घर बंद होतं, पोहण्याचा तलाव भरला, किंवा नळाला गळती होती. तू गळतीचा अर्ज दे. प्लंबरचा दाखला मी बघतो. ‘गळती होती, आता दुरुस्त झाली’ एवढं लिहिलं की झालं.”

टेबलावर कात्री होती. बहिणीने ती उचलून बाजूला ठेवली.

“आईला गळती म्हणून लिहू?”

“ताई, तो नुसता रकाना आहे गं.”

“आणि दुरुस्त झाली म्हणून लिहू?”

सरासरीसाहेबांनी खिशातून पाकीट काढले. “बरं, ते जाऊ दे. फरक किती येतो सांग, मी देतो.”

“संत्री आणलीस तसे पैसे आण आता. ठेव आत ते. मला सवलत नको आणि तुझं पाकीटही नको. पंधरा युनिट जास्तीचे आलेत ना? आई दोघांची होती. अर्धे तुझ्या बिलावर लाव.”

“तशी तरतूद नाही.”

“मग कर. तरतुदीच करतोस ना दिवसभर?”

नव्या दरांची जाहीर सुनावणी पुढच्या महिन्यात होती, आणि बहिणीने तिथे बोलण्यासाठी नाव दिले. सुनावणी म्हणजे जे ठरलेले आहे ते ठरवण्याआधी लोकांना ते ऐकवण्याचा विधी. गालिचा घातलेल्या सभागृहात व्यासपीठावर समितीचे पाच सदस्य होते. समोर अकरा नागरिक होते. त्यांतले चार विभागाचेच कर्मचारी, दोघे गारव्यासाठी आलेले. प्रथम विभागाने नेमलेल्या सल्लागाराने पडद्यावर आलेख दाखवले. शहराने दोन वर्षे पाणी वाचवण्याची मोहीम चालवली होती. नागरिकांनी खरोखरच पाणी वाचवले. पाणी कमी विकले गेले, सांडपाण्याचा आकारही घटला, वाहिन्यांचा खर्च मात्र तेवढाच राहिला. तेव्हा दर चौदा टक्क्यांनी वाढवणे भाग होते. अहवालात याला ‘ग्राहकांच्या सहकार्यातून उद्भवलेली तूट’ असे नाव होते. ते शब्द वाचताना सल्लागाराचा आवाज जराही हलला नाही. त्याचे मानधन बहुधा त्यासाठीच होते.

नंतर नागरिकांची पाळी आली. प्रत्येकाला तीन मिनिटे. “वक्ता क्रमांक पाच,” पुकारा झाला आणि बहीण उठली. तिच्या हातात तीन कागद होते.

“मी पडदे शिवते. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात माझ्या घरात महिन्याला सात युनिट पाणी आलं. गेल्या हिवाळ्यात बावीस. आई अंथरुणावर होती. ती आता नाही, पण तुमच्या हिशेबानं ती अजून वर्षभर माझ्याकडे आजारी आहे.”

एका सदस्याने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“हे तिसरं बिल माझ्या भावाचं. आई आजारी पडायच्या आधी नऊ. आजारपणात नऊ. मला तुमच्या मीटरबद्दल तक्रार नाही. या सबंध हिवाळ्यात खरं कुणी बोललं असेल तर तेच. कुणी किती केलं हे नातेवाइकांनी दहा तऱ्हांनी सांगितलं, यानं एका आकड्यात सांगितलं. माझं मागणं एवढंच, की पंधरातले साडेसात त्या घराच्या नावावर लावा. सरासरी काढायची तर दोन्ही घरांची काढा.”

“तुमचे बंधू...” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“इथेच बसलेत. त्यांना उठवू नका, त्यांचा आकडा बोलला तेवढं पुरे.”

पण विभागातर्फे उत्तर देणे ही सरासरीसाहेबांची नेमून दिलेली जबाबदारी होती, आणि उठण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. नियमांची पुस्तिका उघडली. वास्तविक तिची गरज नव्हती, ती त्यांनीच लिहिलेली होती. “आकार एका ग्राहकाकडून दुसऱ्या ग्राहकाकडे वर्ग करण्याची तरतूद नियमांत नाही,” ते म्हणाले. “अर्जदारांना गळतीच्या कलमाखाली अर्ज करता येईल.”

सभागृहातल्या कुणाला ते नाते पूर्वी माहीत नव्हते. आता सगळ्यांना कळले, कारण सरासरीसाहेब खाली बघत होते.

“गळती नव्हती,” बहीण म्हणाली. तेवढ्यात तीन मिनिटे संपल्याचा लाल दिवा लागला.

अध्यक्षांनी समितीच्या वतीने सहानुभूती व्यक्त केली आणि ती इतिवृत्तात नोंदवून घेण्याचे आदेश दिले. दरवाढ एकमताने मंजूर झाली. बाहेर व्हरांड्यात सरासरीसाहेबांनी तिला गाठले.

“ताई, चारचौघांत...”

“चार कुठे, अकरा होते. त्यातले चार तुझेच.” तिने त्यांचे बिल घडी करून त्यांच्या वरच्या खिशात खुपसले. “हे घे. शिस्तीचं आहे, जपून ठेव. आणि रविवारी येऊ नकोस. आलास तर साडेसात युनिट घेऊन ये.”

ती वर्षभर भरत राहिली. एकही अर्ज केला नाही. सरासरीसाहेबांनी दोनदा रविवारी दार ठोठावले. आतून शिलाई यंत्राचा आवाज येत राहिला.

मग पुढचा हिवाळा आला. या काळात सरासरीसाहेबांनी जे केले ते त्यांच्या विद्येशी सर्वस्वी सुसंगत होते. बहिणीच्या बिलातून साडेसात युनिट काढण्याचा मार्ग नियमात नव्हता. स्वतःच्या बिलात ते घालण्याचा मात्र होता. साडेसात युनिट महिन्याला म्हणजे दिवसाला अडीचशे लिटर. न्हाणीघराचा नळ पूर्ण सोडला की पंचवीस मिनिटे. हिवाळ्याच्या पहिल्या दिवसापासून रोज सकाळी ते स्टूल टाकून, हातातल्या घड्याळाकडे पाहत, उघड्या नळासमोर बसू लागले. स्वच्छ पाणी थेट मोरीत जात असे. ज्या माणसाने शहराला थेंबाचे मोल शिकवले, त्याने ते असे फेडायला घेतले, आणि त्यातला एकही थेंब कुणाच्या उपयोगी पडत नव्हता, हे त्याच्या समीकरणात कुठेच बसत नव्हते.

“मी भांडी घासताना नळ चालू ठेवला तर घर डोक्यावर घेता,” बायको न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाली. “आणि हे काय चाललंय?”

“आईचं आहे,” ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळ पाहू लागले.

वापर दीडपटीच्या वर गेला की घर आपोआप तपासणीच्या यादीत येते. तो नियमही त्यांचाच. दोन महिन्यांनी एका सकाळी गळती-तपासनीस आला. भिंतीला टेकवून कानाला लावायची लोखंडी कांडी त्याने जिन्यातच पुन्हा पिशवीत ठेवली, कारण तिच्याशिवायच ऐकू येत होते.

“साहेब, तुम्ही?” तो न्हाणीच्या दारात थबकला. “तोटी गेली काय?”

“तोटी ठीक आहे.”

“मग गळती लिहू? तुमच्यासाठी दाखला आत्ता देतो.”

“गळती नाही.”

“कारणाचा रकाना मोकळा ठेवता येत नाही, साहेब. तुम्हीच तसं केलंय.”

“आई,” सरासरीसाहेब म्हणाले.

“आई आल्यात होय राहायला! असं सांगा की. माणूस वाढलं घरात,” तपासनीसाने आनंदाने लिहून घेतले. “किती दिवस आहेत?”

सरासरीसाहेबांनी वेळ भरल्यावर नळ बंद केला. तपासनीस गेल्यावर बायकोने नणंदेला फोन लावला. “ताई, तुमच्या भावाला आवरा. दोन महिने झाले, रोज नळ सोडून बसतात. म्हणतात आईचं पाणी आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण आली. लिफ्ट बंद होती. काखेत मोठे गाठोडे घेऊन ती तीन मजले चढली, तिने न वाजवता दार ढकलले आणि थेट न्हाणीघर गाठले. भाऊ स्टुलावर होता. नळ वाहत होता.

तिने आधी नळ बंद केला.

“नुसतंच सोडतोयस?”

“साडेसात युनिट. मोजून.” “दुसरा रकाना नव्हता, ताई.”

“अरे मूर्खा, पाणीच वाया घालवायचं होतं तर चादरी धुवायला यायचं होतंस. तेव्हा जागा होती.” तिने गाठोडे त्यांच्या पायाशी टाकले. आत पडद्यांचे कोरे कापड होते, सात खिडक्यांचे. “हे भिजव, पीळ आणि गच्चीवर टाक. संध्याकाळी न्यायला येईन. उद्या आणखी आणते. टबाचं काम आजपासून तुझ्याकडे. माझं पाणी तेवढं खाली येईल, तुझं जिथं आहे तिथं राहील.”

सरासरीसाहेबांच्या डोळ्यांत काहीतरी हलले, पण ते बोलले ते असे: “म्हणजे तुझी सरासरी...”

“तोंड बंद ठेव. बाह्या वर कर.”

त्यांनी बाह्या वर केल्या. कापड न्हाणीतल्या टबात सोडले, पाणी भरले, आणि हात आत घालण्याआधी नेहमीप्रमाणे मनगटाकडे पाहिले. “किती मिनिटं ठेवायचं?”

“घड्याळ काढ आधी. कांजी सुटली की हाताला कळते.”

त्यांनी घड्याळ काढून स्टुलावर ठेवले. हिवाळ्याचा एक महिना अजून शिल्लक होता.