केरबाचा अंगठा

उन्हाळ्याच्या सुट्टीत पोलिसांच्या मैदानावर गरिबाघरच्या पोरांचं शिबिर भरलं आणि सांडू हवालदाराच्या वाट्याला बारा पोरं आली. गडी कीर्तनवेडा. कवायतीला ‘एक-दोन’ न म्हणता ‘विठ्ठल-विठ्ठल’ म्हणायचा. साहेब एकदा म्हणाले, “सांडू, परेड आहे का सप्ताह?”

“पाय तर बरोबर पडतेत ना, सायेब?”

त्या बारांत मेंढपाळ केरबाची सुंदरा होती. नऊ वर्षांची. पंधरा दिवसांत स्वतःचं नाव लिहायला लागली. सांडूनं चार ठिकाणी हात जोडून निवासी शाळेत तिच्यासाठी जागा मिळवली. आता शनिवारच्या आत फॉर्मवर बापाचा अंगठा तेवढा हवा होता.

“उद्या मीच येतो तुमच्या पालावर,” तो म्हणाला.

पोर कावरीबावरी झाली. “काका, वर्दीवर नका येऊ. बापाला म्या सांगितलंय, बाईंची शाळा हाय म्हणून.”

मागल्या साली विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीत नुसत्या संशयावरून केरबाला कुठल्याशा ठाण्यात अकरा दिवस बसवलं होतं. चोर दुसराच निघाला. केरबाचा डावा हात मात्र तेव्हापासून खांद्याच्या वर जाईना.

सांडूनं सगळं ऐकून घेतलं, पण मन आपल्याच वाटेनं गेलं. कीर्तनाला उभं राहावं तसं चांगल्या कामाला धुतल्या कापडानं जावं, ही त्याची जुनी रीत. अन् वर्दीहून चांगलं कापड त्याच्याजवळ नव्हतं. शिवाय वाटलं, एकदा केरबानं वर्दीच्या हातून पेढा खाल्ला की भीती तिथंच मोडंल. शुक्रवारी सकाळी कडक इस्त्री करून, बुटांना पॉलिश मारून, पाव किलो पेढे घेऊन तो मिटमिट्याच्या माळावर पोचला. फटफटी उभी करून त्यानं लांबूनच हाक दिली, “केरबा कोण हाय रं इथं?”

कुणी ओ दिली नाही. केरबाच्या पालात चूल पेटलेली होती, तव्यावरची भाकर करपत होती. शेजारच्या पालापुढं म्हातारी बानाबाई बसली होती.

“गेला बायकापोरं घेऊन. टेकाडावर तुमची टोपी दिसली अन् वढ्यात उतरला. मेंढरं भाऊबंद नेतील मागून.”

“आजी, म्या धराया नाय आलो. पोरीच्या शाळंचं जरासं काम हाय.”

“त्या टायमाला बी असंच म्हनले व्हते. जरासं काम हाय, लगीच सोडतो.”

सांडूनं डोक्यावरची टोपी काढली. मग हळूच म्हणाला, “सुंदरा?”

“वरडत व्हती, माझे काका हायेत, माझे काका हायेत. बाप म्हनला, हिनंच दावलं पाल. तोंडावर हात दाबला अन् उचलली.”

सांडू ओढ्याच्या काठापर्यंत पळत गेला. खाली वाळू, पलीकडं बाभळी, त्यापुढं रखरखीत उघडा माळ.

“सुंदराऽऽ!”

पुन्हा एकदा, “सुंदराऽऽ!”

“आता वरडू नका, बाबा,” मागून म्हातारी म्हणाली. “जितकं वरडाल तितके ते लांब पळतील.”

सांडूनं तिसरी हाक गिळली.