पंख्यावरचं ‘पुढे’

दातांच्या डॉक्टरांनी निवृत्त झाल्यावर दोन गोष्टी जपायच्या ठरवल्या: आपला शब्द आणि आपली जुनी गाडी. शब्द घरात कोणी ऐकत नव्हतं, म्हणून सगळा जीव गाडीवर. गाडी त्यांच्याहून वयाने मोठी, आणि चढ दिसला की त्यांच्यासारखीच तापायची.

बायकोला गाडीत बसताना सूचना असत. दार हळू लाव. काचेला बोटं लावू नकोस. स्टीअरिंगचं तर नावच काढू नकोस. ती रोज स्वतःची लहान गाडी घेऊन बाजारभर हिंडायची, ते हिशेबात नव्हतं. वाटेत चौथ्यांदा वाफ निघाली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "रविवारी ही न थांबता माझ्या बहिणीच्या दारात पोहोचली तर ठीक. नाहीतर सोमवारी विकायची."

डॉक्टरांनी लगेच मिस्त्रीला फोन लावला. ही बाई धमक्या देत नसे, वार सांगत असे.

मिस्त्री आला. त्याने रेडिएटरमागचा पंखा उतरवला, वाकलेलं पातं सरळ केलं, खडखडणारं बेअरिंग बदललं. "पात्यांना पोट असतं, वहिनी," तो बायकोलाच सांगत होता, कारण डॉक्टर हॉर्न पुसण्यात गर्क होते. "उलटा बसवला की नुसता गरगरतो, हवा धड ओढत नाही." म्हणून त्याने एका पात्याच्या पुढच्या बाजूवर पिवळ्या रंगात ठळक लिहून ठेवलं: पुढे.

शनिवारी डॉक्टरांनी पाती आरशासारखी घासली. ते पिवळं ‘पुढे’ मात्र जाईना, आणि खरवडलं तर ओरखडा पडणार. उद्या साडू बॉनेट उघडायला लावणार, पहिली नजर तिथेच जाणार! डॉक्टरांनी चार बोल्ट काढले, अक्षरं आत जातील असा पंखा फिरवून बसवला आणि स्वतःच्या हुशारीवर खूष होऊन चहा मागितला.

रविवारी निम्म्या चढावर काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफेचा लोट उठला.

"त्या मेल्या मिस्त्रीला अक्कल म्हणून नाही!" डॉक्टर कडाडले.

वाफ विरल्यावर बायकोने बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या बाजूने वाकून पाहिलं.

"अहो, हे ‘पुढे’ मागे का आहे?"

जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावलेल्या माणसाचं तोंड उघडेना. "साडूंना... बरं दिसलं नसतं," ते शेवटी पुटपुटले.

ती हसली नाही, हेच त्यांना जास्त लागलं. इंजिन निवल्यावर तिने पाना मागून घेतला, पंखा सुलटा बसवला, पाणी भरलं, हात त्यांच्या पांढऱ्या रुमालाला पुसले.

"मग... उद्या विकायची?" डॉक्टरांनी मळक्या रुमालाकडे बघत विचारलं.

"गाडीचा काय दोष?" ती स्टीअरिंगमागे जाऊन बसली. "तुम्ही मागे बसा."

तिने दार धाडकन लावलं. डॉक्टरांनी आपलं अगदी हळू लावलं.