तापावरच्या दोन गोळ्या

राहीचा नवरा दादू मुंबईला औषधांच्या गोदामात कामाला. तो सुट्टीवर आला की पिशवीत तापाचे जंतू मारणाऱ्या गोळ्या असायच्याच. हेदवीजवळच्या त्या वाडीत मुंबईचा खाऊ घरोघर वाटायची रीत होती. राहीनं त्यात गोळ्याही घातल्या. कुणालाही ताप आला की दोन गोळ्या. माणसं चेष्टेनं तिला डॉक्टरीणबाई म्हणायची आणि बाई खुशाल फुगायची.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तिच्याच लेकीला, जनीला मुदतीचा ताप आला. गोळ्या पोटभर चारल्या, पण ताप हटेना. चिपळूणच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि राहीला चांगलीच झाडली.

"गावात सगळेच दोन गोळ्या खाता, बरं वाटलं की सोडता. जे जंतू तगतात ते या औषधाला भीक घालत नाहीत. मुंबईत नवीन औषध आलंय, ते मागवा. आणि बरी झाली तरी सगळं संपवायचं!"

राहीनं दादूला तार केली. मग तिच्या जिवाची नुसती घालमेल. एसटीचा आवाज आला की थांब्यावर धावायची, हात हलवत परतायची, पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलायची, पुन्हा बाहेर. एका जागी बूड टेकेना. शेवटी दादू औषध घेऊन आला. हळूहळू ताप उतरला आणि जनीनं पेज मागितली तेव्हा राही ढसाढसा रडली.

दादू परत गेला आणि शेजारची चिमा दारात आली. जनीच्या दुखण्यात हिनंच राहीच्या घरचं पाणी भरलं होतं.

"वयनी, माजा बाळा तापानं फणफणलाय. जनी तर उठून बसली. उरल्यातल्या दोन दे ना गो."

राहीचा हात सवयीनं औषधाच्या पाकिटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"न्हाय देनार."

"दोनच तर मागतंय!"

"दोन दिल्या म्हनूनच तर..." राहीनं पाकीट पदराखाली घेतलं.

"कळली तुजी माया," म्हणत चिमा तरातरा निघून गेली.

राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं जनीला औषध दिलं, सासूच्या हवाली केलं आणि चिमाच्या घरात घुसून चटईवरच्या बाळाला उचललं.

"ठेव त्याला खाली!" चिमा ओरडली.

"शिव्या वाटेत दे. चिपळूनची गाडी येल आता."

चिमा शिव्या देतच मागोमाग निघाली. राहीनं थांब्यापर्यंत सगळ्या ऐकून घेतल्या.