क्रेनवाल्याचं पहिलं विमान

हो हो, मीच बोलतोय. विमान. रिमोटवर उडणारं असलो म्हणून काय झालं? मला कुणी ‘खेळणं’ म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म साच्यातला. फोमचे बारीक बारीक मणी साच्यात ओतले, वरून वाफ सोडली आणि झालो मी तयार. अंग हलकं, पोट गोल, नाक बोथट आणि पंख डोक्यावर आडवा टाकलेला, छपरावर पत्रा टाकावा तसा. पोटात मोटरीच्या मागे इलेक्ट्रॉनिक सर्किटची एक छोटीशी पट्टी बसवलेली आहे. मी वाकडातिकडा झालो, की ती मला सरळ करते. हा माझा सगळ्यात मोठा गुण. पण गुण बघायला वेळ कुणाला आहे? दुकानात येणारा माणूस आधी रूप बघतो आणि रूपात मी सपशेल मार खातो.

दुकानात माझ्या शेजारी एक करडं लढाऊ विमान होतं. निमुळतं नाक, पंख खाली, अंगावर काळे पट्टे. आला गेला प्रत्येक जण त्यालाच उचलून बघायचा. माझ्याकडे बघून एक बाई तर म्हणाल्या होत्या, “हे काय, बदकासारखं!” मी ऐकून घेतलं. करतो काय?

दुकान चालवणाऱ्या बाई मात्र वेगळ्या. पहिल्यांदाच विमान घेणारा आला, की त्या आधी त्याच्या हातात नुसता रिमोट द्यायच्या आणि विचारायच्या, “विमान खाली यायला लागलंय. तुम्ही घाबरलात. पहिल्यांदा काय कराल?” कुणी म्हणायचं वर ओढेन, कुणी म्हणायचं वेग वाढवेन. जसं उत्तर, तसं विमान. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे.

एके दिवशी सकाळी दोघे जण आले. एकाच्या हातात काठी, डावा पाय ओढत चालणारा, तोंडाची टकळी चालू. दुसरा त्याच्याहून मोठा, रुंद खांद्यांचा, दोन्ही हात खिशात. काठीवाला हा रुंद खांदेवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. म्हणजे मेहुणा.

“भावोजी, हे बघा! काय रुबाब आहे!” मेहुण्याने करडं विमान उचललं.

“तू बघ. मला नको,” भावोजी म्हणाले.

बाईंनी रिमोट पुढे केला. भावोजींनी खिशातून हात काढले आणि मला दिसलं, की ते हात थरथरत होते. थोडेथोडके नाहीत, चांगले थरथरत होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

“हात सोडीन,” ते म्हणाले. लगेच, विचार न करता.

“म्हणजे?”

“क्रेन चालवायचो मी. बांधकामावरची, उंच. तिचे लिव्हर सोडले की ती थांबते. घाबरलं की हात सोडायचे, हेच शिकलोय.” मग म्हणाले, “क्रेन थांबते. खाली लटकलेला माल नाही थांबत.”

 बाईंनी मेहुण्याच्या काठीकडे पाहिलं, काय ते समजल्या आणि करडं विमान त्याच्या हातातून काढून घेतलं. “हे उडवताना हात सोडलात तर हे जमिनीत घुसेल,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हे न्या. हे हात सोडला तरी सरळ राहतं.” आणि मला खाली उतरवलं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

घरी गेल्यावर सगळं कळलं. आठ महिन्यांपूर्वी क्रेनवाला सळयांचा गठ्ठा फिरवत होता आणि खाली त्याला हाताने इशारे द्यायला हाच मेहुणा उभा होता. अकरा वर्षं ही जोडी. मेहुणा हात करेल तिकडे क्रेन, इतकं साधं काम. त्या दिवशी वाऱ्याचा झोत आला, गठ्ठा झुलायला लागला. अशा वेळी क्रेन त्या मालाच्या मागोमाग न्यायची असते, म्हणजे झोका मरतो. क्रेनवाल्याने घाबरून हात सोडले. क्रेन जागच्या जागी थांबली आणि गठ्ठा झोक्याने जाऊन मेहुण्याचा पाय भिंतीशी दाबून गेला.

चौकशी झाली, कुणी दोष दिला नाही. पण तेव्हापासून क्रेनवाला केबिनमध्ये चढला नव्हता. कंपनीने त्याला सामानाच्या खोलीत खिळे आणि हातमोजे वाटायला बसवलं होतं. आता साहेबांनी निरोप दिला होता, की महिनाअखेरच्या सोमवारी वर चढून परीक्षा द्या, नाहीतर केबिन कायमची दुसऱ्याची. मेहुण्याचं म्हणणं असं, की हात पुन्हा कांड्यांवर, म्हणजे लिव्हरवर, बसले पाहिजेत आणि तेही अशा ठिकाणी, जिथे खाली कुणी उभं नसेल. म्हणून मी.

“दोघांनी मिळून काय उद्योग मांडलाय हा?” ताई, म्हणजे क्रेनवाल्याची बायको, मला जेवणाच्या टेबलावर बघून म्हणाली. पण पंख जोडताना मला धरून तीच बसली होती.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी आम्ही गावाबाहेरच्या मैदानावर जायचो. पहिल्या दिवशी मेहुण्याने मला हवेत फेकलं, मोटर घुमली, मी वर चढलो, आणि डावीकडे कलतो न कलतो तोच त्या गृहस्थाने दोन्ही अंगठे रिमोटच्या कांड्यांवरून उचलले!  पोटातली पट्टी जागी झाली, पंख सरळ झाला आणि मी आपला नाकासमोर चालू लागलो. मोटरीची कांडी सोडली तरी आहे तिथेच राहते, त्यामुळे वेगही तसाच. त्याने पुन्हा धरलं, पुन्हा घाबरला, पुन्हा सोडलं. असं त्या एका सकाळी वीस वेळा. माझ्या अगदी नाकी नऊ आले.

हळूहळू सोडणं कमी झालं, वळणं जमू लागली. पण मला एक गोष्ट खटकत होती. तो शिकत नव्हता, तो माझ्यावर विसंबून होता. हात सोडला तरी विमान सांभाळून घेतं, हे त्याला पाठ झालं होतं. आणि मी सरळ होऊ शकतो, वळू शकत नाही. वळवणारा माणूसच लागतो. हे त्याला सांगणार कोण?

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, वारा होता. क्रेनवाला उतरवण्याचा सराव करत होता. “मी जरा सावलीत बसतो,” असं म्हणून मेहुणा काठी टेकत निघाला. मी वरून एक फेरी मारून क्रेनवाल्याच्या पाठीमागून खाली आलो, त्याच्या डोक्यावरून पुढे गेलो, आणखी खाली, आता माणसाच्या उंचीवर आलो. आणि समोर बघतो तर काय? मेहुणा सावलीत गेलाच नव्हता. मैदानाच्या एका कडेला, माझ्या वाटेत, आमच्याकडे तोंड करून उभा होता.

“ए! बाजूला हो!” क्रेनवाला ओरडला. “अरे ए, बाजूला हो!”

“उद्या खाली माणूस असणार आहे, भावोजी!” तो तिकडून ओरडला. “मैदान रिकामं नसणार! चालवा!”

अरे वेड्या! काठीवरचा माणूस, पळायचं म्हटलं तरी पळता येत नाही, आणि समोरून मी येतोय. मी हलका आहे हे खरं, पण नाकावरचा पंखा बोट तोडू शकतो आणि डोळ्यात गेला तर विचारायलाच नको. साठ पावलं उरली होती. वाऱ्याने मला किंचित तिरकं केलं, आणि क्रेनवाल्याने हात सोडले.

मला कळलं. कांडी ढिली पडली की लगेच कळतं. पोटातली पट्टी जागी झाली आणि तिने मला नीट, सरळ, बरोबर मेहुण्याच्या तोंडावर रोखलं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःच्या गुणाचा संताप आला. धर रे बाबा, धर! मला तोंड असतं तर मी बोंबललो असतो. चाळीस पावलं. तीस.

मेहुण्याच्या हातातली काठी खाली पडली. त्याचा डावा हात वर आला, खांद्याच्या रेषेत ताठ, बोट बाहेर. क्रेनला वळवायचा इशारा, अकरा वर्षं दिलेला.

आणि माझ्या पंखात जीव आला! क्रेनवाल्याचा अंगठा कांडीवर बसला होता. थरथरत नव्हता. दाबला तो थेट शेवटपर्यंत. तो हात दाखवत होता तिकडे, माझ्या उजवीकडे, मी कललो. माझ्या पंखाचं टोक मेहुण्याच्या कानाजवळून गेलं, त्याचे केस उडाले. आणि पुढे काय होतं, तर तारेचं कुंपण! डावीकडे अख्खं मैदान मोकळं पडलं होतं हो, पण नाही. खांबावर नाक आपटलं, मोटर एकीकडे, मी एकीकडे.

क्रेनवाला धावत आला तो माझ्याकडे नव्हे. त्याने मेहुण्याला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. “अक्कल गहाण टाकलीस का? तुझ्या ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?”

“पण तुम्ही हात सोडले नाहीत, भावोजी.”

“सोडले होते,” तो म्हणाला. “पुन्हा धरले.” मग दोघेही मटकन गवतात बसले. मी कुंपणात तसाच अडकलेला.

सोमवारी मी टेबलावर, नाकाशिवाय. ताईचं कामात मन लागत नव्हतं. ओटा पुसून झाला की पुन्हा ओटा पुसत होती. संध्याकाळी क्रेनवाला आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला.

“अहो, बोला ना काहीतरी!”

“चढलो. गठ्ठा झुलला एकदा. मागोमाग गेलो, थांबवला.” त्याने हात टेबलावर ठेवले. “केबिन मिळाली परत.”

ताईने पदर डोळ्यांना लावला, हसलीही, आणि चहा ठेवायला आत गेली. तेवढ्यात मेहुणा आला. बातमी त्याला आधीच कळली होती, तरी तोंडभरून दोनदा अभिनंदन केलं.

“साहेबांशी बोलून आलोय,” क्रेनवाला त्याला म्हणाला. “पुढच्या आठवड्यापासून खाली इशाऱ्याला तू. डॉक्टरांचीही हरकत नाही.”

 नेहमी ज्याची जीभ टाळूला लागत नाही, तो मेहुणा माझं तुटलेलं नाक हातात घेऊन उलटसुलट करत बसला. का, ते मला ठाऊक होतं. त्या रविवारी त्याच्या तोंडासमोर मी होतो आणि जे क्रेनवाल्याला इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, ते मला अगदी जवळून दिसलं होतं.

“भावोजी, नको,” तो शेवटी म्हणाला. “मला जमणार नाही आता. वरून काही आलं की माझे पाय गार पडतात. मैदानात मी तुम्हाला धीर द्यायला नव्हतो उभा, मला अजून असं उभं राहता येतं का, ते बघायला उभा होतो. आणि... मी डोळे मिटले होते. घट्ट. हात आपोआप वर गेला. मी काहीच बघितलं नाही.”

“माहीत आहे मला,” क्रेनवाला म्हणाला.

“कसं काय?”

“उघड्या डोळ्यांनी तू मला कुंपणाकडे वळवलं असतंस का? इतकं मैदान मोकळं असताना?”

मेहुण्याने मान वर केली. “मग तुम्ही वळवलंत कशाला तिकडे?”

“हात तुझा होता ना,” क्रेनवाला म्हणाला.

आतून ताई चहा घेऊन आली, तर तिचा भाऊ माझ्या पोटावर कपाळ टेकवून रडत होता. तिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. 

आता माझ्या नाकाला गोंद लावलाय. नाक जरा डावीकडे झुकलंय, ते तसंच राहणार. उद्या सकाळी मला मेहुणा उडवणार आहे आणि क्रेनवाला त्याच्या शेजारी उभा राहणार आहे. समोर नाही, शेजारी. मेहुणा ज्या दिवशी डोळे उघडे ठेवून मला स्वतःच्या डोक्यावरून नेईल, त्या दिवशी कामावर खाली उभं राहायचं, असं दोघांचं ठरलंय. किती दिवस लागतील, कुणास ठाऊक.

तुम्ही पहिलं विमान घ्यायला निघाला असाल, तर एवढंच ऐका. दुकानात करड्याकडे सगळेच बघतात, तुम्हीही बघा, मला राग नाही. पण स्वतःला एकदा विचारा, घाबरलो तर मी काय करतो? आणि उत्तर ‘हात सोडतो’ असं आलं, तर लाजू नका, माझ्यासारखं एखादं बदक घरी न्या. मी पडेन, मोडेन, पुन्हा चिकटेन. माझं नाक कितीही वेळा तुटलं तरी चालेल. येतो मी, गोंद वाळत आलाय.