लाल झगा

लॉर्ड थॉर्नहमना सव्वीस वर्षं कपडे घातले ते मी, पार्सलोनं. ते दोनदा मंत्री झाले. पार्लमेंटात प्रजेच्या सुखावर तीन-तीन तास बोलायचे आणि घरी आले की सुजलेला पाय माझ्या मांडीवर टाकून त्याच प्रजेला शिव्या घालायचे. शेवटची अकरा वर्षं तो पाय चोळला त्यांच्या मुलीनं, लेडी अरॅबेलाबाईंनी. लग्नाचं वय त्या पायापाशीच सरलं. "नदीकाठचं छोटं घर तुझंच, पोरी," असं म्हातारा दर नाताळला म्हणायचा.

दफन झालं आणि वकिलानं मृत्युपत्र वाचलं. हवेली, जमिनी, पदवी पुतण्याला, मिस्टर लिओनेलना. ते वंशाच्या रीतीनं ठरलेलंच होतं. पण नदीकाठचं घर म्हाताऱ्यानं स्वतः घेतलेलं, कुणालाही देता आलं असतं. तेही पुतण्यालाच. मुलीला आशीर्वाद आणि बापाची तसबीर. चर्चमध्ये त्यांनी आधीच बसवून घेतलेला स्वतःचा संगमरवरी पुतळा, खाली अक्षरं 'प्रेमळ पिता'.

"अरॅबेलाताई, त्या घरात सामान नको हं हलवूस," लिओनेल मांसाचा तुकडा चघळत म्हणाले. "माझी शिकारी कुत्री यायचीयत तिथं."

"मग मी कुठं जाऊ रे?"

"कुणाच्या तरी पोरींना फ्रेंच शिकव. पोटापुरतं मिळेल."

मृत्युपत्रात शेवटची ओळ माझी होती. आमच्याकडे मालक गेला की त्याचे कपडे खासनोकराचे. वकिलानं नेहमीसारखं लिहून टाकलं होतं, 'माझे सर्व कपडे पार्सलोला.' वगळलं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी लिओनेल कपाटं उपसत ओरडले, "पार्सलो, काकांचा लाल झगा कुठाय? गुरुवारी राजा पार्लमेंट उघडणार. झग्याशिवाय मला लॉर्डांत कोण बसू देईल?"

"माझ्या खोलीत आहे, साहेब. माझाच आहे तो."

"तू घालणार होय रे?"

"छे! नाटकवाल्यांना देणार. राजाचं सोंग घेणाऱ्याला बरा बसेल."

ते झग्यापेक्षा लाल झाले. "मेला शिंपी नवा शिवायला तीन आठवडे मागतोय. बोल, काय हवंय?"

"मला काही नको. नदीकाठचं घर बाईसाहेबांच्या नावावर करा. वकील खाली जेवतायत."

वाटलं होतं, तासभर घासाघीस होईल. "एवढंच?" म्हणाले आणि सही ठोकली. अकरा वर्षांच्या सेवेला जे मिळालं नाही, ते कसर लागलेल्या, तपकिरीचा वास मारणाऱ्या झग्याला मिळालं. तो खांद्यावर टाकून लिओनेल आरशापुढे गिरक्या घेत राहिले. मला त्यांची किळस आली आणि म्हाताऱ्याची त्याहून जास्त.

कागद पाहून बाईसाहेब रडल्या.

"बाबांनीच लिओनेलला सांगून ठेवलं असणार. बघ पार्सलो, विसरले नव्हते रे ते मला!"

मी त्यांना रुमाल दिला.

आता त्या दर रविवारी पुतळ्यापुढे फुलं ठेवतात. ती तोडून आणायचं काम माझं.