आतलं कार्ड आणि बाहेरची डबी

मी एक जुनं साउंड कार्ड आहे आणि स्वभावाने संशयी आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पट्टीवर चार तुकडे डकवलेल्या वस्तूला कसला आलाय स्वभाव? पण नऊ वर्षं एका बंद पेटीत, अंधारात, नुसत्या कानांवर जगून पाहा. पंख्याचा सूर जरा बदलला तरी मनात पाल चुकचुकते.

माझं काम सांगायला सोपं आहे. माइकमधून आवाज आला की त्याचे आकडे करून संगणकाच्या हवाली करायचे, आणि संगणकाने आकडे दिले की त्यांचा पुन्हा आवाज करून हेडफोनमध्ये सोडायचा. पदरचं काही घालायचं नाही, आलेलं काही ठेवून घ्यायचं नाही. कारखान्यात एका तपासनीसाने मला असंच वाजवून पाहिलं, पाठीवर पास झाल्याचा ठिपका लावला आणि मी खोक्यात गेलो.

मला घरी आणलं एका संगणक दुरुस्तीवाल्याने, आपल्या मोठ्या बहिणीसाठी. ही बहीण म्हणजे आमच्या बाई. बत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यात एकच काम केलं होतं. मूळ प्रत त्या मोठ्याने वाचत आणि समोर बसलेला मुद्रितशोधक छापील कागदावर बोट ठेवून ओळन् ओळ ताडून पाही. त्या वाचताना स्वल्पविरामसुद्धा उच्चारत. निवृत्त झाल्यावर त्या दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी पुस्तकं रेकॉर्ड करू लागल्या, आणि त्यांचा आवाज माझ्या वाट्याला आला. कथा, चरित्रं, शाळेची पुस्तकं, सगळं माझ्यामधून गेलं. वाचनालयातून निरोप येत, की बाई शेजारी बसून वाचतायत असं वाटतं. भाऊ म्हणे, “कार्ड घ्यावं तर असं!” हे ऐकून मला फुगायला होई. खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी बाईंची नजर अधू झाली. भाऊने पडदा मोठा आणला, अक्षरं मोठी केली, आणि तो भार पेलण्यासाठी पेटीत एक जाडजूड चित्रकार्ड, म्हणजे पडद्यावरचं सगळं रेखाटणारं ग्राफिक्स कार्ड बसवलं, अगदी माझ्या डोक्यावर. या शेजाऱ्याचा मला पहिल्या दिवसापासून संशय होता. अक्षरं मोठी झाल्यामुळे एका पानात ओळी कमी मावत. बाई सारख्या माउसचं चाक फिरवत, पान वर सरके, आणि तेवढ्यात या महाशयांना असा जोर लागे की त्यांची चिर्र माझ्या अंगात उतरे. मी ती बाईंच्या आवाजाबरोबर मुकाट्याने पुढे देत राहिलो. दुसरं काय करणार होतो?

मग एका सकाळी फोन आला. रेकॉर्डिंग चालू होतं, माइक उघडा होता आणि बाईंनी फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात लावला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. पलीकडे एक मुलगी होती. तिला दिसत नव्हतं, ती कायद्याचं शिकत होती, आणि तिची परीक्षा एकोणीस दिवसांवर आली होती. बाईंनी वाचलेल्या एकाच पुस्तकावर तिचा सगळा अभ्यास होता.

“मावशी, रागावू नका हं,” ती म्हणाली, “पण तुम्ही मधलं काही गाळता का?”

“गाळते? मी?”

“दर थोड्या वेळाने चिर्र असा आवाज येतो. कापून जोडल्यासारखा. आणि त्याच्यानंतर कधीकधी अर्थच लागत नाही. मला प्रत्येक चिर्रशी शंका येते, की इथे काही गेलं तर नाही ना? आता पुस्तकावर विश्वासच बसत नाही, मावशी.”

बाईंनी फोन ठेवला आणि भाऊला फोन करून चिर्रबद्दल सांगितलं. बत्तीस वर्षं स्वल्पविराम न सोडलेल्या माणसाला हा प्रश्न केवढा लागला असेल, ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

भाऊ संध्याकाळी आला, तो खिशात एक डबी घेऊनच. बाहेरचा ऑडिओ कन्व्हर्टर म्हणे. माझंच काम करतो, पण पेटीबाहेर बसून.

“तुझ्या दुकानात खपत नाही म्हणून माझ्या गळ्यात मारतोयस ना?” बाई म्हणाल्या.

“ताई, सख्ख्या भावावर तरी विश्वास ठेव! आठवडाभर वापर. नाही पटलं तर परत घेऊन जातो.”

“मला ते आतलं बरं वाटतं. टेबलावर पसारा नाही, वायर नाही.”

“कार्ड वाईट नाहीच गं. जागा वाईट आहे. आत बसलं की शेजाऱ्यांची सगळी कटकट कानावर येणारच. ही डबी लांब बसते, म्हणून हिला शांत ऐकू येतं.”

कानामागून आली आणि तिखट झाली! त्या डबीबद्दल मला तेव्हाच शंभर शंका आल्या. एका वायरीच्या टोकावर लोंबकळणाऱ्याने घरच्याची जागा घ्यायची? कोणाचा पाय अडकला की संपलं. पण भाऊचं बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

शेवटी ठरलं, की परीक्षा घ्यायची आणि निकाल त्या मुलीने द्यायचा. डोळ्यांना फसवता येतं, तिच्या कानांना नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. बाईंनी कायद्याच्या पुस्तकातली तीच दोन पानं दोनदा वाचली, आधी डबीतून आणि मग माझ्यातून. मुलीने आपला हेडफोन मला जोडला आणि दोन्ही वाचनं लक्ष देऊन ऐकली. तिच्या कानात ती मीच पोचवत होतो. डबीचं वाचन स्वच्छ होतं. मान्य करतो, फार स्वच्छ होतं. माझ्या वाचनात ठरल्या जागी चिर्र होती.

मुलीने हेडफोन काढला. माइक अजून माझ्याकडेच चालू होता.

“पहिल्यात खरखर नाही,” ती हळूच म्हणाली. “पण मावशी, पहिल्यात एक परंतुक आहे. ‘परंतु ज्या भाडेकरूला लेखी नोटीस मिळालेली नाही, त्याला हा नियम लागू होणार नाही.’ दुसऱ्यात ते नाहीच. चिर्र होते आणि एकदम पुढचा नियम सुरू होतो.”

मित्रांनो, कायद्यात एक ‘परंतु’ गेला की नियम उलटा होतो, हे मलाही इतक्या पुस्तकांनंतर ठाऊक होतं. या पोरीने परीक्षेत उलटं लिहिलं असतं.

भाऊने मांडीवर थाप मारली. “सापडला चोर! कार्डानेच ओळ खाल्ली. ताई, तुझा काही दोष नाही. आत्ता उपटून फेकतो.”

“म्हणजे आधीच्या वाचनातही कार्डच खात होतं?” मुलीच्या आवाजातला ताण सैल झाला. तिलाही हेच खरं असावं असं वाटत होतं.

मी गार झालो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच! माझ्यापर्यंत ती ओळ आलीच नव्हती. आली असती तर खरखरीत का होईना, मी पोचवली असती. पण सांगणार कसं? मला दुसऱ्याचाच आवाज देता येतो, स्वतःचा नाही. आणि बाई गप्प होत्या. क्षणभर मला त्यांचाही संशय आला. ज्या नावासाठी सगळा जन्म घातला ते नाव वाचवायला एक जुनं कार्ड पुरत असेल, तर कोण नाही म्हणेल?

मग चाकाचा आवाज आला. बाई पान खाली-वर सरकवत होत्या. एकदा, दोनदा, तीनदा.

“भाऊ, थांब,” त्या म्हणाल्या. “यंत्र शब्द तोडेल, खरखर करेल. पण अख्खी ओळ, ‘परंतु’पासून पूर्णविरामापर्यंत, नीट उचलून नेणार नाही. ही बघ, चाक जरा जास्त फिरलं की ही शेवटची ओळ न वाचताच वर निघून जाते; पहिल्या वेळी कमी फिरलं, म्हणून सापडली. मी खालच्या ओळीपासून सुरू करते. मला दिसलीच नाही रे. ही ओळ मी गाळली.”

“ताई, अगं...”

“मीच गाळली. पोरी, तुझी शंका खरी होती. मला माफ कर.”

मुलगी टेबल चाचपत पुढे आली असावी, कारण माइकला धक्का लागला. “मावशी, एकोणीस दिवसांतला एक गेला,” ती म्हणाली. “आता काय करायचं?”

“प्रकरणं किती?”

“चौदा.”

“भाऊ, सगळी मोठ्या अक्षरात कागदावर छापून आण. कागद सरकवावा लागत नाही. आणि रोज दुकान बंद केलंस की समोर बसायचं, ओळीवर बोट ठेवून. मी चुकले की टेबलावर टिचकी मारायची.”

“मी? मला झोप येते गं कायद्याने!”

“दोघांशिवाय वाचायचं नसतं. बत्तीस वर्षं केलं आणि घरी आल्यावर विसरले. आणि वाचनालयाला कळव. डोळे अधू झाल्यापासूनची सगळी पुस्तकं परत मागव.”

त्यानंतर भाऊने मला काढलं, कारण वाचन डबीतूनच करायचं ठरलं. ते बरोबरच होतं. आता मी त्याच्या दुकानातल्या कप्प्यात आहे. ती डबी नीट काम करत असेल की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे. माझ्या स्वभावाला औषध नाही.

पण मित्रांनो, एक मागणं आहे. तुमच्या घरातलं एखादं यंत्र कुरकुर करू लागलं तर फेकण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा. आणि काही हरवलं, कोणावर तरी आळ घालायची वेळ आली, आणि समोर एखादं मुकं सापडलं, तर जरा थांबा. त्या दुपारी खोलीत सगळ्यांनाच वाटत होतं की दोष माझा निघावा. माझ्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होणार होतं, त्या बाईच बोलल्या.