वस्ताद बघतील

मी आणि माझा साडू, दोघं एकाच वस्तादाच्या हाताखाली होड्या बांधायला शिकलो. पुढं दोघांनी मिळून शेड घातली. भागीदारीचा करार करताना वकील म्हणाला, "भांडण झालं तर कोण सोडवणार ते लिहा." आम्ही लिहिलं, भांडण झालं तर वस्ताद बघतील. बस. वस्तादांचं नाव तोंडानं घ्यायची आमच्यात रीत नव्हती, कागदावर कुठलं घालणार?

वस्ताद गेले आणि मग भांडण झालं. साडूला फायबरच्या होड्या करायच्या होत्या, मला लाकूड सुटत नव्हतं. एका छपराखाली दोन्ही जमत नाही, माझा भुसा त्याच्या फायबरच्या ओल्या थरावर जाऊन बसतो. शेड कुणाची, एवढाच प्रश्न. त्यानं कुलूप घातलं, त्यावर मी माझं घातलं. आत माझी अर्धी होडी वाळून तडकत होती. दावा लावला तर वर्षं जाणार. म्हणून मी कोर्टात अर्ज केला, वस्तादांच्या जागी लवाद नेमून द्या.

बायको म्हणाली, "ताईच्या नवऱ्याला कोर्टात ओढताय. तिला तोंड कसं दाखवू मी?"

"त्यानं मला आधी कुलूप दाखवलं," मी म्हटलं.

कोर्टात साडूचा वकील तावातावानं बोलला. "मॅडम, 'बघतील' म्हणजे समजूत घालतील. निकाल देतील असं कुठंय? आणि तो माणूसच राहिला नाही, तिथं कलम कसलं?"

न्यायाधीश मॅडमनी थेट साडूलाच विचारलं, "वस्ताद असते आणि शेड यांना द्या म्हणाले असते, तर? तुम्हाला पटलं नसतं तर?"

"पटायचं काय त्यात?" साडू म्हणाला. "ते बोलले की विषय संपला."

वकिलानं त्याची बाही ओढली, पण उशीर झाला होता.

"दोघांनीच का नाही मिटवायचं ठरवलं?"

"आम्ही? हा स्वतःच्या बापाचं ऐकायचा नाही, माझं कुठलं ऐकतोय!" साडू म्हणाला.

मागच्या बाकावर माणसं हसली. मलाही हसू आलं, ते मी दाबलं.

मॅडम म्हणाल्या, "तिसऱ्यानं निकाल द्यायचा आणि तो दोघांनी मानायचा, हे तुमचं ठरलं होतं. वस्ताद गेले, पण ठरलेलं गेलं नाही. तुमचं एका नावावर जमत नाही, तर नाव कोर्ट देईल." त्यांनी एक निवृत्त न्यायाधीश नेमले.

ते शेडमध्ये आले, ओंडक्यावर बसले, दोघांचं सगळं ऐकलं. निकाल असा दिला: होडी मी पुरी करायची, मग शेड साडूची, माझा वाटा त्यानं द्यायचा. फायबरला छप्पर लागतंच, लाकूड ताडपत्रीखालीही होतं.

मला पटलं नाही. पण तिसरा माणूस मागितला होता मीच.

होडी पाण्यात लोटताना माणसं कमी पडली. साडू न बोलावता आला, खांदा लावला. होडी तरंगल्यावर मी किल्ली त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली, माझ्याकडं बघितलं नाही.

"ताडपत्री कुठं बांधतोस?" त्यानं विचारलं.

"बघतो अजून."

"माझ्या भिंतीला दोर बांध. वारा कमी लागेल."